वासावर मीठ

रेवदंड्याच्या गोदूवहिनींचं नाक दिसायला काही खास नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चांगलं बसकं नाक. सणासुदीला नथ घातली की ती पार ओठांवर येऊन बसायची आणि घास घेताना मध्ये मध्ये यायची. पण देवानं रूपात हात आखडला तिथे गुणात ओंजळ भरून दिलं होतं. शेजारच्या आळीत कुणाचं दूध उतू गेलं तर वहिनी आपल्या ओटीवर बसून सांगत, आणि वर 'म्हशीचं होतं' हेही सांगत. नारळ फोडायच्या आधी शेंडीपाशी नाक नेऊन 'हा खवट निघणार' म्हणत, आणि तो निघायचाच. त्यांचे यजमान मार्तंडराव शाळेत मास्तर होते, घरामागे नारळी-पोफळीची छोटी वाडी होती. बिचारे बाहेर कुणाकडे भजी खाऊन आले, तरी उंबऱ्यातच पकडले जात. 'काय हो, कांद्याची ना?' संपलं! मास्तर गप्प पाय धुवायला जात.

आता या नाकाचं गावाला एवढं कौतुक का, तर रामनवमी. रामाच्या देवळात नवमीला सगळ्या आळीचं जेवण असे, आणि नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात. सोवळ्यातल्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते. रामाआधी कुणाची जीभ लागली की तो नैवेद्य उष्टा. आता शे-दोनशे पानांची आमटी, एवढं मोठं पातेलं, आणि चव न घेता मीठ घालायचं, हे काय तोंडचं काम आहे? भल्याभल्या आचाऱ्यांची तिथे बोबडी वळायची. गोदूवहिनी मात्र वासावर मीठ घालत. आमटी उकळायला लागली की वाफेवर नाक धरायचं, मूठ मूठ मीठ सोडायचं. 'मीठ पडलं की आमटीचा कच्चा वास मरतो गो,' असं त्या मदतीला येणाऱ्या आनंदीबाईला सांगत. 'तो मेला की हात मागे घ्यायचा. त्यापुढे एक खडासुद्धा नाही.' आनंदीबाई जन्मभर नारळच खवत राहिली. तिला तो कच्चा वास कधी आला नाही आणि मेलेलाही कळला नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनी सोळा-सतरा वर्षांच्या. पहिल्याच वर्षी देवळातल्या जुन्या आचारीणबाई तापानं पडल्या आणि ही नवी सून पदर खोचून चुलीपुढे बसली. तेव्हापासून देश स्वतंत्र झाला, एस.टी. आली, अलिबागेत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजायला लागल्या, पण नवमीची आमटी कधी चुकली नाही. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, पन्हं, मठ्ठा, सगळं वासावर. पंगत उठताना म्हातारे ढेकर देऊन म्हणत, 'राम जेवला.' वहिनी आत चुलीपाशी ते ऐकत आणि घाम पुसत हसत. तेवढ्यासाठी बाई वर्षभर जगत असत, असं म्हटलं तर फारसं खोटं नाही.

आणि मग सर्दी झाली. कसली सर्दी आणि कसलं काय, मेली जाईचना. पावसाळा गेला, हिवाळा गेला, डावी नाकपुडी चोंदली ती चोंदलीच, मग उजवीही कुरकुरायला लागली. भुवईच्या मागे कोणी खुंटी ठोकत बसल्यागत डोकं दुखे. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाशी, एक टणक उंचवटा हाताला लागायला लागला आणि त्या डोळ्यातून सदा पाणी. गावाला तेवढंच हवं असतं. देवळाचा कारभार बघणारे बापू एकदा मार्तंडरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमचं वय काय, करता काय? वहिनींना रडवू नका हो." उभ्या जन्मात मास्तरांनी या बाईला रडवलं नव्हतं, उलटच काय ते झालं असेल.

सुंठेचा लेप झाला. ओव्याची धुरी झाली. कुणीतरी वेखंड उगाळून नाकापाशी धरायला सांगितलं. वेखंडाचा वास म्हणजे मेलेला माणूस उठून बसावा. वहिनींनी श्वास ओढला, आणि काहीच नाही. पाण्याचा वास घ्यावा तसं. दुपारभर त्या घरात फिरत राहिल्या. हिंगाची डबी उघडली, रॉकेलचा डबा उघडला, देवघरातला कापूर चुरगळला, मागच्या दारी सुरंगीचा सडा पडला होता त्यात जाऊन उभ्या राहिल्या. कुठे काही नाही. सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं कोरडं झालं होतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. घरी काय, चव घ्यायला जीभ होती. पण नवमी आली, आणि वहिनी पुन्हा चुलीपुढे बसल्या. इतक्या वर्षांची सवय आहे, हाताला माप कळतं, असं मनाशी म्हणाल्या. वाफेवर नाक धरायचं नाटक केलं आणि मुठी सोडल्या. पंगती झाल्या, ढेकर झाले, कुणी चकार शब्द काढला नाही. वहिनींना वाटलं, निभावलं. पुढल्या नवमीलाही तेच.

त्या दुसऱ्या नवमीला मात्र गंमत झाली. स्वयंपाक करणाऱ्या बायका सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या, आणि चुलीच्या धगीनं भूक मेलेली म्हणून वहिनी नेहमी नुसता मठ्ठा-भात खायच्या. त्या दिवशी पंगतीत मठ्ठ्याला नुसती झुंबड. 'वाढा, वाढा' चाललेलं. वहिनी खूश. "बघ गो आनंदी, मठ्ठा कसला उडाला!" पाण्याचे तांबेही भराभर रिकामे होत होते, पण चैत्राचा उकाडा, कोण लक्ष देतो? शेवटी बायका बसल्या तेव्हा मठ्ठ्याच्या पातेल्यात थेंब नव्हता. मग वहिनींनी भातावर आमटी घेतली आणि पहिला घास तोंडात घातला.

घास तिथेच थांबला. डोळे पांढरे व्हायची वेळ.

"आनंदी," वहिनी हळूच म्हणाल्या, "ही आमटी आहे की खाडी?"

आनंदीबाई पानाकडे बघत बसली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. वहिनी तशाच खरकट्या हातानं बाहेर आल्या. देवळाच्या पायरीवर बापू पान जुळवत बसले होते, पाण्याचा तांब्या शेजारीच.

"बापू, आमटी कशी झाली होती?"

"फर्मास!" बापू म्हणाले आणि घोटभर पाणी प्याले.

"रामासमोर उभे राहून सांगा."

बापूंनी गाभाऱ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. "अहो वहिनी, प्रसादाला नावं कशी ठेवायची? पाप लागतं. गेल्या साली हिंग जरा... म्हणजे बराच होता. म्हटलं, रामाला यंदा हिंग हवासा वाटला."

"खोटारडे मेले!" वहिनी कडाडल्या. "दोन वर्षं मी तुम्हाला मीठ चारतेय आणि तुम्ही ढेकर देताय? एकाला तोंड उघडता आलं नाही?" आणि मग इतक्या वर्षांत गावानं कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. गोदूवहिनी देवळाच्या पायरीवर बसून दोन्ही डोळ्यांनी रडल्या. "मला वास येत नाही हो, बापू. काहीच येत नाही. नाक परत आलं तर पुढच्या नवमीला चुलीपुढे बसेन. नाहीतर रामाला मी तोंड दाखवायची नाही."

अलिबागच्या डॉक्टरांनी तो उंचवटा चाचपला, नाकात बॅटरी मारली आणि म्हणाले, ही सर्दी नव्हे, मुंबईला जाऊन फोटो काढा. तोवर दर्या खवळला, लाँच बंद झाली. दिवाळी आटोपून मास्तरांनी शाळेतून रजा काढली आणि दोघं मुंबईला गेली. डोक्याचा फोटो निघाला. काळ्या काचेत वहिनींची कवटी दिसत होती, आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्याला खेटून, एक पांढराशुभ्र गोळा.

सर्जन पारशी होते. नाव ऐकून वहिनी दारातच थबकल्या. "दारूवाला? अहो, यांच्या हातून मी नाक कापून घ्यायचं?"

"आडनाव आहे ते," मास्तर कानाशी पुटपुटले. "आत चल."

दारूवाला डॉक्टर उंच, लाल, मोठ्या आवाजाचे आणि फार मायेचे. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. "बघ बाई, हे हाडाचा गाठ हाय. साधा गाठ. पसरत नाय, मारत नाय, घाबरायचा नाय. पण हळूहळू वाढते. नाकाच्या वरच्या पोकळीत बसून आहे, तिकडची वाट बंद करून टाकली. आता जागा कमी पडली तर डोळ्याला ढकलते. अजून वाढली तर डोळा जाईल. काढून टाकू."

"आणि वास?"

"पहिला डोळा बघ, बाई."

"डोळ्यानं मीठ कळत नाही, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "मला नाक द्या. डोळ्याचं तुम्ही बघा."

दारूवाला एवढ्यानं हसले की नर्स डोकावून गेली. मग खुर्ची ओढून वहिनींसमोर बसले आणि सगळं नीट समजावलं. भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या बाजूनं एक वाकडी चीर द्यायची, डोळा हळूच बाजूला सारायचा, वरचं पातळ हाड काढून आत शिरायचं. गाठीला एक देठ असतो, तो छिन्नीनं मोडायचा आणि गाठ बाहेर. वरच्या बाजूला मेंदूचं आवरण आहे, तिथे जपून. "गाठ अक्खा काढला पायजे. तुकडा राहिला तर परत वाढेल." वासाची खात्री मात्र त्यांनी दिली नाही. "वाट उघडून देते. वास आत येईल की नाय, तो माझ्या हातात नाय."

ऑपरेशनच्या सकाळी वहिनींनी डोक्यावरून पाणी घेतलं, रामाला नमस्कार केला आणि टेबलावर आडव्या झाल्या. भुलीच्या इथरची जाळी तोंडावर आली. घशाला झोंबलं, पण वास कणभर नाही. नर्स म्हणाली, "नशीबवान आहात, बाई. त्या वासानंच लोकांना उलटी होते." वहिनींना सांगायचं होतं, की असलं नशीब तुलाच लखलाभ. पण तोवर जीभ जड झाली होती.

शुद्धीवर आल्या तेव्हा डोळ्यावर जाड पट्टी, नाकात गच्च वाती, आणि डोकं हलकं. नव्हे, खरंच हलकं. भुवईमागची खुंटी कुणी उपटून नेली होती. उशाशी मार्तंडराव बसले होते. त्यांनी जे सांगितलं ते असं, की आत ठाकठूक चालू होती, देवळाचं काम चालावं तशी, आणि ऐकून त्यांचेच दात दुखायला लागले. मग दारूवाला घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुझ्या बायकोनं माझी छिन्नी बोथट केली!" पण गाठ अक्खी निघाली होती. बाटलीत घालून आणली होती. गुळगुळीत, पिवळसर पांढरी, हस्तिदंतासारखी.

मार्तंडरावांनी बाटली उजेडात फिरवून बघितली. वाडीवाला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? "आपल्याकडची रोठा सुपारीसुद्धा एवढी होत नाही गो."

"अडकित्ता आणा मग," वहिनी वातींमधून गेंगाण्या आवाजात म्हणाल्या, आणि टाके दुखतात म्हणून हसू दाबत राहिल्या.

काही दिवसांनी वाती निघाल्या. त्या क्षणी दोन्ही नाकपुड्यांतून वारा सरळ आत गेला, पार कपाळापर्यंत. वहिनींच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. मार्तंडरावांची धावपळ काय वर्णावी! बाहेर जाऊन मोगऱ्याचा गजरा आणला, इराण्याकडून चहा आणला, मुंबईतल्या चुलतबहिणीकडून हिंगाची पुडी आणली, आणि एकेक नाकापाशी धरत गेले. वहिनी श्वास घेत, डोळे मिटत, आणि मान हलवत. नाही. मास्तरांनी पुडी उगाचच पुन्हा धरली. नाही.

"सूज हाय अजून," दारूवाला म्हणाले. "पण खरा सांगू? वास घेणारी नस किती दिवस दबून होती. उठेल की नाय, तो खुदा जाने. डोळा वाचला, बाई. डोकं दुखणार नाय. खूश राहा."

वहिनींनी त्यांना वाकून नमस्कार केला, कारण माणूस देवासारखा होता. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "घरी गेलो की बापूंना सांगा, नवमीला दुसरं कोणी बघा. आनंदीला नको म्हणावं, ती नारळ बरा खवते." मास्तरांनी गजरा खिडकीत नेऊन ठेवला.

परतीला भाऊच्या धक्क्यावर रेवसला जाणारी लाँच खच्चून भरली. पौषातलं ऊन, दर्या अगदी गरीब. मार्तंडरावांनी जुन्या सवयीनं धडपडून वाऱ्याच्या बाजूची जागा धरली, कारण मुंबईच्या बाजारातून परतणाऱ्या कोळणी टोपल्या घेऊन चढत होत्या. त्यांच्यात रेवदंड्याची बायजा होती. सुकी मासळी विकून, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती आली आणि वहिनींच्या भुवईवरची पट्टी बघून थांबली.

"अगो बाय! वहिनी, काय झाला हो?"

"हाड काढलं नाकातलं," वहिनी म्हणाल्या.

"बरा हाय ना आता?"

"बरं आहे."

बायजा समोर टेकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर टेकलोय. आजवर बायजाची टोपली आळीच्या टोकाला दिसली तरी वहिनी नाकाला पदर लावत. त्यात राग नसे, नाकच तसलं होतं, आणि बायजालाही ते ठाऊक होतं. ती लगबगीनं उठली. "सरते वहिनी, तिकडं जाते. वास येल तुमाला."

लाँच धक्क्यापासून सुटली आणि वळली. वारा फिरला.

वहिनींची मान ताठ झाली. नाकपुड्या हलल्या. मास्तर घाबरले. "काय झालं? दुखतंय का?"

"बायजा," वहिनी म्हणाल्या. "थांब गो. जाऊ नको. ती टोपली इकडे आण."

"रिकामी हाय, वहिनी. नुसता वास हाय तिला."

"तोच हवाय मला! आण म्हणते ना!"

बायजानं भीत भीत टोपली पुढे केली. आणि रेवदंड्याच्या मार्तंडमास्तरांची बायको, रामाच्या सोवळ्याची आचारीण, जिच्या सात पिढ्यांत कुणी मासळी हुंगली नव्हती, तिनं ती टोपली दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतली आणि तिच्यात तोंड घातलं. छाती भरून श्वास घेतला. मग दुसरा. खांदे गदगदायला लागले. सगळी लाँच बघायला लागली.

वहिनींनी तोंड वर काढलं. डोळ्यांतून धारा, आणि चेहरा असा फुललेला की मास्तरांना लग्नातली मुलगी आठवली. "बोंबील!" त्या ओरडल्या. "वर बोंबील होते. आणि खाली, तळाला, जवळा. जवळा बरा वाळला नव्हता गो, दमट होता."

बायजा टाळी वाजवून खाली बसली. "अगो माझी आय! परवा आभाळ धरलेला, तेवा नाय वाळला! तुमाला कसा कळला?"

"कळला! कळला, कळला!" वहिनी हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक. मग काय, लाँचवर जत्राच झाली. पलीकडची एक कोळीण आपली टोपली घेऊन आली, "माझी सांगा, वहिनी." मग तिसरी आली. वहिनी डोळे मिटून हुंगत आणि सांगत, नावं माहीत नसतील तिथे "ते चपटं, खारवलेलं" असं काहीतरी म्हणत, आणि बायका खिदळत नावं पुरवत. इंजिनवाला डोकावला तर त्याला म्हणाल्या, "तुझं तेल जळतंय रे, बघ जा," आणि तो बघायला पळाला. मार्तंडरावांकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमचा कोट किती दिवसांत धुतला नाही?" मास्तरांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मुंबईच्या दिशेला बघून, कुणाला दिसणार नाही असे, त्या पारशाला हात जोडले.

थोड्या वेळानं गर्दी पांगली. वहिनी वाऱ्याची जागा सोडून खाली फळ्यांवर बायजाला खेटून बसल्या होत्या आणि टोपली अजून मांडीवरच होती. मास्तर वाकून हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ करावी लागेल हो तुला. लुगडंही भिजत टाकावं लागेल."

"करीन," वहिनी म्हणाल्या. "दोनदा करीन. पण रेवस येईपर्यंत मला हाक मारू नका." आणि त्यांनी पुन्हा टोपलीत तोंड घातलं.